साहेबांची खुर्ची

उज्जैन, मंगळवार, ६ नोव्हेंबर १९५६

आज रुक्मिणीने मला गप्प बसवलं. ते अजून मनातून जात नाही.

आमच्या मंडळात अंध मुलामुलींना वेताच्या खुर्च्या विणायला शिकवतो. एकोणीस वर्षांची रुक्मिणी त्यातली सगळ्यात तरबेज. सरकारी कचेरीच्या खुर्च्या दरवर्षी दुरुस्तीला आमच्याकडे येत; बाकीचं काम मी रोज सकाळी दुकानं फिरून मागून आणते. आता राज्य नवं, राजधानी भोपाळ, आणि फ्रीगंजच्या कचेरीत साहेबही नवे. म्हणून मी तिला घेऊन त्यांना भेटायला गेले. वाटेतच म्हणाली, "बाईजी, आज आप मत बोलना. मैं बोलूँगी."

तरी सवयीने मी सुरुवात केलीच, "बेचारे बच्चे हैं, साहब..." तिने माझा हात घट्ट दाबला. मग साहेबांना म्हणाली, "आप ज़रा खड़े होंगे?" ते गोंधळून उठले. तिने त्यांच्याच खुर्चीवर बोटं फिरवली. "बुनाई बीच में ढीली है. महीने भर में झूल जाएगी." साहेबांनी वाकून पाहिलं, आणि कचेरीतल्या सगळ्या मोडक्या खुर्च्या उद्याच पाठवतो म्हणाले.

मला आनंद झाला का? झाला. पण 'बेचारे' हा शब्द मी आजवर किती दारांत वापरला असेल? तोही तिला शेजारी उभं करून?

परतताना टांग्यात विचारलं, "रागावलीस?"

"नहीं. पर कल से दुकानों में मैं और शांता जाएँगे." शांता तिच्याबरोबरच शिकते, तिला थोडं दिसतं.

मी हो म्हटलं. उद्या सकाळी मी काय करायचं, ते मात्र सुचत नाहीये.