आजोबांनी वाचलेलं पथ्य

आगरदांडा, ता. ९ जुलै १९३४

चि. रतन हिस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, एक अंगठा सोडून. तुझ्या आजोबांचा उजवा अंगठा वांग्यासारखा सुजलाय. गोधडीची कड लागली तरी ओरडतात. मी सांगते आणि लिहितात तेच, घरात अक्षरं येतात ती त्यांनाच. त्यामुळे 'ओरडतात' हा शब्द कागदावर उतरला की नाही, देव जाणे.

नवी होडी माडाच्या झापांखाली तयार आहे. नारळी पुनवेनंतर ती पहिल्यांदा दर्यात जाईल. सुकाणूवर यांनी उभं राहायचं ठरलंय. पाय टेकला नाही तर सुकाणू माझ्या भावाकडे, सदूकडे जाईल. सदू आत्तापासून मिशीला तेल लावतोय. त्या काळजीनं आजोबांचं जेवण तुटलं असं सांगणार होते, पण कुठलं? पावसात ताजी मासळी नाही, म्हणून रोज सुकट नाहीतर वाळवलेली तारली, आणि वर बोटं चाटणं.

तू मुंबईच्या इस्पितळात नर्सचं शिकतेस, तर तुझ्या डॉक्टरबाईंना विचार. हा जीव सुकाणूविना झुरेल गं. माया पातळ करू नकोस.

तुझी आजी
मनुबाई

मुंबई, ता. १६ जुलै १९३४

तीर्थस्वरूप आजीस रतनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हा गाऊट. मासळी-मटणात प्युरीन जातीचे पदार्थ असतात, इनोसिन त्यातलंच एक. शरीर ते मोडतं, त्याचं युरिक ॲसिड होतं आणि लघवीवाटे जातं. थोडं आपलं शरीर स्वतःही तयार करतं, म्हणजे सगळा दोष आजोबांच्या जिभेचा नाही. पण ते साठलं, की मिठागरात पाणी आटून मीठ धरतं ना, तसे त्याचे टोकदार कण सांध्यात धरतात. गंमत म्हणजे वाळवलेल्या मासळीला गोडी येते तीही इनोसिनपासूनच्या एका ॲसिडनं. एका जपानी शास्त्रज्ञानं ते शोधलंय म्हणे.

तेव्हा सुकट, तारली, माशाच्या अंड्यांची गाबोळी, काळीज आणि माडी पिणं एकदम बंद. भात, भाकरी, दूध, भोपळा चालेल. पाणी भरपूर. सोबत डॉक्टरबाईंनी दिलेल्या पुड्या आहेत. आजोबांना हे नीट वाचून दाखवायला सांग. आठवण ठेवावी.

तुझी
रतन

आगरदांडा, ता. ३ ऑगस्ट १९३४

चि. रतन हिस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र शाळेच्या ओट्यावरून, कृष्णाबाई मास्तरणींच्या हातचं. कारण ऐक.

तुझं पत्र आजोबांनी मला मोठ्या सुरात वाचून दाखवलं. भोपळा आणि दूध म्हणजे विष. गाबोळी रोज, तारली दोन्ही वेळा, अंग मोकळं व्हायला संध्याकाळी माडी. मी म्हटलं, शिकलेल्या पोरीचा शब्द. शेजारच्या ठमीकडून वाळवलेली गाबोळी मागून आणली गं मी! जन्मात माझं न ऐकलेला माणूस तुझ्या डॉक्टरबाईंचा एकही शब्द खाली पडू देईना, तेव्हाच मला वास यायला हवा होता.

परवा डावा अंगठाही सुजला. मग तुझं पत्र टोपलीत घालून कृष्णाबाईंकडे नेलं. त्या वाचताना इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. संध्याकाळी त्यांना घरी आणलं आणि सदू, खलाशी, सगळ्यांसमोर पत्र पुन्हा वाचवलं. आजोबा आढ्याकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, शाई फिकी होती.

आता भोपळा शिजतोय. पाण्याचा तांब्या मी स्वतः तोंडाला लावते. तुझं इनोसिन मला लगेच कळलं. ज्याच्यामुळे गोडी त्याच्याचमुळे दुखणं, असा एक जिन्नस मी पन्नास वर्षं सांभाळतेय. त्याचं नाव येसाजी. पत्र धाड, मन तुझ्यापाशीच आहे.

तुझी फसलेली आजी

मुंबई, ता. ८ ऑगस्ट १९३४

तीर्थस्वरूप आजोबांस रतनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र कृष्णाबाई वाचतील, म्हणून शाईची काळजी नको. डॉक्टरबाई विचारत होत्या, रुग्णाचं वाचन इतकं चांगलं आहे तर तुमच्या गावातल्या बाकीच्या आजाऱ्यांची पत्रंही तेच वाचतात का? पुड्या चुकवू नका. सुकाणूवर तुम्हीच दिसायला हवेत मला. रागावू नये.

आपली
रतन

आगरदांडा, ता. २९ ऑगस्ट १९३४

चि. रतन हिस आशीर्वादांची रास. वि. वि.

पायांची सूज उतरली! पुनवेच्या आधी चार दिवस ते माझा हात न धरता विहिरीपर्यंत गेले. पुनव झाली, वारा बेताचा झाला आणि काल होडी निघाली. सदूनं स्वतः सुकाणू त्यांच्या हाती दिलं आणि मिशीचं तेल पुसून टाकलं. तुझे आजोबा दोन्ही पाय रोवून असे उभे राहिले, की राजपुरीच्या खाडीच्या तोंडापर्यंत मला त्यांची पाठच दिसत होती. मी रडले असं कृष्णाबाई लिहू बघताहेत. लिहू देत.

संध्याकाळी होडी भरून आली. ते उडी मारून उतरले आणि तडक माझ्यापुढे आले. हातात सुरमई. साऱ्या कोळीवाड्यासमोर, कान पकडलेल्या पोरासारखे विचारू लागले, की आज एक तुकडी खाल्ली तर चालेल, असं रतनच्या पत्रात कुठे आहे का?

मी सांगितलं, पत्रात नाही. बायकोच्या मनात आहे.

एकच तुकडी दिली, रतन. काटाही चाटून ठेवला त्यांनी. डॉक्टरबाईंना सांग किंवा सांगू नकोस, पण आमच्यावरचा जीव तेवढा आटवू नकोस.

तुझी आजी
मनुबाई