झेंडूचे काटेरी कण

लालबाग, मुंबई
२४ एप्रिल १९६०

प्रिय दगडू,

हे सातवं पत्र. आधीची सहा फाडली, म्हणून तुला वाटलं असेल, जयवंत मेला की काय. मेलो नाही. सकाळपासून तीनदा जिना उतरून पान खाऊन आलो, गरज नसताना दाढीही करून आलो, पण टेबलाशी बसवेना. आता बसलोय तर पत्र संपेपर्यंत उठणार नाही.

तू बल्लारपूरला कोळशाच्या खाणीवर हजेरी लिहितोस, हे वरळीला तुझ्या बहिणीकडून, मालनकडून कळलं. ती दारातूनच बोलली, आत ये म्हणाली नाही. बरोबरच आहे तिचं. ज्याच्या हाताला दगड विरघळवायची एवढी कला, त्याने हजेऱ्या मांडत बसावं, हे मला सहन होत नाही. इकडे आई रोज विचारते, "दगडू खंय आसा रे? हल्ली येणा नाय तो." मी सांगतो, कामासाठी बाहेरगावी गेलाय. तेवढ्यावर ती वाढायला घेते, मला मात्र जेवण जात नाही.

मी आपल्या प्रयोगशाळेत नवा होतो तेव्हा तुला विचारलं होतं, एवढा दगड आम्लात विरघळवून शेवटी उरतं काय? तू फणसावरून समजावलंस. मेलेलं सगळंच सडतं, पण सारखं सडत नाही. गरे दोन दिवसांत जातात, आठळीचं साल मागे राहतं. झाडातलं गोड, मऊ ते जंतू फस्त करतात. पानावरचं मेण, राळ, खोडातला चिवटपणा, परागकणांची सालं त्यांना पचत नाहीत. ती गाळात जाऊन बसतात, वर गाळ चढत राहतो, हवा लागत नाही. मग लाखो वर्षं दाब आणि ऊब मिळून झाडांच्या त्या उरल्यासुरल्याचा कोळसा होतो आणि पाण्यातल्या शेवाळाचं तेल. आपल्या स्टोव्हमधलं रॉकेल म्हणजे कुणालाच न पचलेलं शेवाळ, असं तू आमच्या घरी म्हणालास, तेव्हा आई कितीतरी वेळ स्टोव्हकडे संशयाने बघत होती. तेल शोधणारे तळातल्या दगडाचे तुकडे आपल्याकडे पाठवायचे. तू ते काचसुद्धा खाणाऱ्या आम्लात घालायचास, डाव्या अंगठ्याचं नख त्यातच गमावलंस, आणि तळाशी उरलेले परागकण बघून आपले सर दगडाचं वय सांगायचे.

आता खंडेनवमीचं लिहितो.

धम्मदीक्षा घेतल्यापासून तू पूजेला येत नव्हतास. त्या दिवशीही घरी होतास. नव्या दगडाची पूड तू आदल्या दिवशी ताटलीत वाळत घातली होतीस, वर धुतलेलं मलमल बांधून. मला सूक्ष्मदर्शक पुसायला फडकं हवं होतं. मी ते मलमल सोडून घेतलं. मग हौसेने झेंडूची एवढी मोठी माळ आणली आणि टेबलावरच्या खुंटीला अडकवली, बरोबर ताटलीच्या वर. संध्याकाळी ध्यानात आलं तेव्हा मलमल झटकून परत बांधलं. कुणाला बोललो नाही. त्यात काय एवढं, असं वाटलं.

पुढचं तुला माहीत आहे. ज्या काळात असली फुलंच नव्हती असं मानतात, तेवढ्या जुन्या दगडात काटेरी परागकण सापडले म्हणून सर हरखले, मोठमोठ्या तज्ज्ञांना लिहून मोकळे झाले. डिसेंबरात उत्तर आलं, हा तर आजचा झेंडू, जरा स्वच्छता पाळा. सरांनी तुला बोलावलं. पूड तुझी, आम्ल तुझं, म्हणून चूक तुझी आणि नोकरी गेली तीही तुझीच. खोलीत सर, शिपाई, तू आणि मी, असे चौघे होतो. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी खिडकीकडे पाहिलं. त्याच महिन्यात मी कायम व्हायचा होतो रे. संयुक्त महाराष्ट्रासाठी शिवाजी पार्कात आपण घसा बसेस्तोवर ओरडलो, अश्रुधुरात तू मला कॉलर धरून बाहेर काढलंस, तिथे मला भीती वाटली नव्हती. हजारोंमध्ये कुणालाही वाटत नाही. चौघांत मात्र माझी दातखीळ बसली. लाज वाटते मला, दगडू. फार वाटते.

झेंडूचे ते कण असलेली काचेची स्लाइड सरांनी फेकायला सांगितली होती. मी ती ट्रंकेत ठेवली, चार महिने तिच्यावर शर्ट रचत आलो. येत्या रविवारी महाराष्ट्र होतोय, चाळीत कंदील बनताहेत, मला घोषणा लिहायला बसवलं तर हातून एक अक्षर उमटेना. म्हणून काल ती स्लाइड सरांच्या टेबलावर ठेवली आणि मलमलापासून सगळं सांगितलं. सरांनी स्लाइड उजेडाला धरली. मग एकच विचारलं, "त्या दिवशी दगडू पूजेला होता का?" मी म्हटलं, नव्हता. "मी त्याला हे विचारलंच नाही," असं म्हणून त्यांनी कागद ओढला. सोबत त्यांच्या सहीचं पत्र आहे. तुझी जागा तुला परत दिली आहे, माफीही मागितली आहे. माझं काय करायचं ते उद्या ठरेल. यायचं की नाही, ते तू ठरव. मला उत्तर पाठवू नकोस, मालनला पाठव. ती दारात काय सांगेल ते मी ऐकून घेईन.

तुझाच,
जयवंत