माझा हातगुण आणि बटाट्याचा व्हायरस

३ मार्च
आजपासून रोज लिहिणार. फक्त स्वतःसाठी. तरी पुढे माझं चरित्र लिहिणाऱ्याला त्रास नको म्हणून काम सोपं करून मांडतो. बटाट्याचा व्हायरस माणसाला काही करत नाही. तो तंबाखूच्या रोपांत वाढवायचा, पानं वाटून बाहेर काढायचा, त्यावर कॅन्सर मारणारं प्रोटीन चिकटवायचं. मेमध्ये बॅच उंदरांना टोचणार. पास झाली की मी प्रोजेक्ट लीडर. पक्का.
तंबाखू खाणं आजपासून बंद.
संध्याकाळी : उद्यापासून.

१० मार्च
आमचे बॉस ढिल्लोंसर मला ग्लोव्ह्ज न घालण्यावरून बोलले. ग्लोव्ह्ज घालून रोपाची तब्येत कळत नाही, असं मी ठणकावलं. तंबाखूही मळता येत नाही, पण हे त्यांना कसं सांगणार? अख्ख्या इंडस्ट्रियल एरियात नसेल, पण आमच्या युनिटमध्ये तंबाखू खाणारा मी एकटा. पुडी सेक्टर ४३च्या बसस्टँडवरून आणतो, गुपचूप.

२२ मार्च
गालाच्या आत पांढरा चट्टा. इथले छोले फार तिखट. छोले बंद.

२ एप्रिल
ज्युनिअर निशिगंधाची रोपं आजारी. तुलनेसाठी निरोगी ठेवायची होती! पानांवर फिकट-गडद पट्टे. मी रोज संध्याकाळी स्वतः एकेक पान उलटून बघायचो, तरी ही गत. सरांना सांगितलं, पोरगी निष्काळजी आहे. त्यांनी तिची सगळी रोपं जाळायला लावली. ती रडली. सहा महिन्यांचं काम म्हणे. इथे आम्ही दोघेच मराठी, म्हणून समोसा दिला. घेतला नाही. माज.

२० एप्रिल
माझ्याही रोपांवर पट्टे. म्हणजे व्हायरस जोमात! सर म्हणाले, बटाट्याचा व्हायरस पानावर इतका उठून दिसत नाही. जळतात माझ्यावर.

९ मे
बॅचचा रिपोर्ट आला. बटाट्याचा व्हायरस नावापुरता, बाकी सगळा तंबाखूचा व्हायरस. प्रोटीन त्याला चिकटत नाही. तंबाखू मळणाऱ्याच्या हातावरून तो रोपात जातो म्हणे.
निशिगंधाने उपाय सुचवला. तंबाखूची एक जात आहे, हा व्हायरस लागला की तिच्या पानावर ठिपके उठतात. प्रत्येकाने एका पानावर हात घासायचा, नावाची चिठ्ठी लावायची. मी पहिला नंबर लावला. माझ्या हाताला कायम चुना, जंतू टिकतीलच कसे? आता चोर सापडेल.

१२ मे
सगळ्यांची पानं स्वच्छ. माझं ठिपक्यांनी भरलेलं. सरांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. लीडर निशिगंधा.
जाताना ती म्हणाली, अच्युतदादा, बोलताना तुमचं तोंड नीट उघडत नाहीये, दाखवून घ्या. सूड घेते आहे.

१९ मे
चट्ट्याचा तुकडा तपासला. कॅन्सरच.
डॉक्टरांचा चेहरा पडलेला. मीच त्यांना धीर दिला, की आमच्याकडे औषध बनतंय. कधीपर्यंत, असं त्यांनी विचारलं. तिथूनच निशिगंधाला फोन लावला.
ती म्हणाली, दादा, नव्या रोपांचं बी कालच पेरलंय.