दोन फळ्यांचं टेबल

५ ऑगस्ट, सकाळी ७

ठरलं. टेबल मीच करणार. विकत काय, कोणीही आणतं.

चौदा ऑक्टोबरला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. त्या दिवशी दोघी मुली एका टेबलाशी जेवायला बसतील आणि उठतील तेव्हा बोलत असतील. तीन वर्षं झाली, एकमेकींचं नाव काढत नाहीत. मधे मी आहे म्हणून एकीची खबर दुसरीला कळते तरी.

ह्यांना सांगितलं. पेपरमागून म्हणाले, टेबल आहे की आपल्याकडे. म्हटलं, ते चौघांचं आहे. म्हणाले, मग दोन स्टुलं आण.

या माणसाला काही सांगण्यात अर्थ नाही.

८ ऑगस्ट

मिस्त्रींकडे गेले. शाळेची बाकं दुरुस्त करायला यायचे तेव्हापासूनची ओळख. अजून मला बाई म्हणतात. घरामागच्या शेडमधे बुधवार-शुक्रवार शिकवायला तयार झाले. अट एकच, ते सांगतील तेवढंच करायचं. म्हटलं, एकतीस वर्षं मी वर्गात हेच सांगत आले.

अक्रोडाची एक जाड फळी त्यांनी मधून चिरली आणि पुस्तकासारखी उघडून ठेवली. काय सांगू! दोन्ही पानांवर तीच नक्षी, आरशात पाहिल्यासारखी. धुरासारख्या वर चढणाऱ्या रेषा, मधे मधे उजेडात हलणाऱ्या लहरी. एका खोडाच्या दोन बहिणी. डोळे भरून आले. मिस्त्री म्हणाले, भुसा गेला असेल.

पाय शिसवीचे करायचे. दीड महिन्यात टेबल उभं राहील. मिस्त्री तीन महिने म्हणतात. त्यांच्याकडे सगळीच माणसं सावकाश शिकत असतील.

१७ ऑगस्ट

रंधा मारला. सोपा आहे. एका बाजूला जरा लाकूड उचकटलं. मिस्त्री म्हणाले, बाई, नक्षीच्या लाकडात रेषा घडीघडीला दिशा बदलते, जोर लावू नका, ते कुठे वळतंय ते बघा. मी जोर लावत नव्हतेच. रंध्याला धार नव्हती.

मिस्त्रींनी दोन केस उपटले आणि धारेवर टेकवून कापून दाखवले. स्वतःचेच. आहेत किती, त्यात ही उधळपट्टी.

२५ ऑगस्ट, दुपारी

थोरलीला फोन केला. चौदा तारखेला येते म्हणाली. कोण कोण आहे ते मी सांगितलं नाही. धाकटीला फोन केला. तिलाही नाही सांगितलं. धाकटी म्हणाली, ताई बरी आहे ना? किती कोरडं विचारलं! मी लगेच थोरलीला कळवलं की धाकटीने तुझी चौकशी केली, पण मनापासून नव्हती. आपण उगाच गोड करून सांगू नये.

भांडण झालं ते असंच काहीतरी क्षुल्लक होतं. थोरलीचं नवं घर पाहून आल्यावर धाकटी मला म्हणाली, दातांच्या डॉक्टरची वेटिंग रूम वाटते. मी थोरलीच्या कानावर घातलं, सुधारणा करता यावी म्हणून. त्यावर थोरली जे बोलली ते धाकटीला सांगितलं, कारण अंधारात ठेवणं मला पटत नाही. एक शब्द माझ्या पदरचा नव्हता.

शनिवार. हे अकराला फिरायला गेले ते अडीचला उगवले. जेवायला नको म्हणाले. अलीकडे दर शनिवारी यांची भूक मरते. पोटाच्या डॉक्टरला दाखवायला हवं.

५ सप्टेंबर, सकाळी ११

मोठा दिवस. मिस्त्री फळ्या टेम्पोत घालून घेऊन आले. जोडायचं काम घरीच करायचं, हा माझा हट्ट. मुलींच्या खोलीत. दोन खाटांच्या पायांचे आठ डाग अजून फरशीवर आहेत. रात्री दिवा घालवला तरी दोघींची कुजबुज चालायची. मी दारातून ओरडायचे, काय चाललंय ते मला पण सांगा. लगेच गप्प. इतक्या आज्ञाधारक होत्या.

फळ्यांच्या कडांना ग्लू लावला, पाच क्लॅम्प आवळले. सांध्यातून ग्लूचे थेंब आले, म्हणजे चांगलं असतं. मिस्त्री तीनतीनदा बजावून गेले, उद्या या वेळेपर्यंत हात लावायचा नाही.

दुपारी १

हात लावला नाही.

दुपारी ३

लहानपणी कॉन्व्हेंटमधे शिवणाच्या सिस्टर प्रत्येक टाका ओढून बघायच्या. सुटला तर पुन्हा घाला. किती गोरी, नाजूक बोटं, आणि काय ताकद! त्या संस्कारामुळेच मी कुठलीच गोष्ट वाऱ्यावर सोडत नाही.

फक्त मधला क्लॅम्प सैल करून फळी जरा हलवून पाहिली. हलली. पुन्हा आवळला.

संध्याकाळी ६

अजून एकदा पाहिलं. शेवटचं.

६ सप्टेंबर

सांधा सुटला. मिस्त्रींनी ग्लूवरून बोट फिरवलं आणि विचारलं, किती वेळा उघडलंत? म्हटलं, एकदा. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हटलं, दोनदा. (चारदा.)

म्हणाले, बाई, ही काय शिजत ठेवलेली भाजी आहे, झाकण उचलून बघायला? माझी पाठ वळली की तुमचे हात शिवशिवतात. हे दारातच उभे होते. म्हणाले, मिस्त्री, तुम्हाला हे कळायला एक महिना लागला? मी चाळीस वर्षं सांगतोय. दोघं हसले. पुरुष अशा वेळी बरे एक होतात.

ग्लू हलका निघाला असणार.

१४ सप्टेंबर

कडा पुन्हा रंधल्या, पुन्हा जोडल्या. टेबल अर्ध्या इंचाने अरुंद झालं. मिस्त्रींनी क्लॅम्पच्या दांड्यांवर खडूने खुणा केल्या, मी फिरवले तर कळावं म्हणून. या वयात माझ्यावर ही पाळत!

खडू पुसून पुन्हा काढता येतो. शिक्षिकेला हे सांगायला नको.

१५ सप्टेंबर

सांधा एका टोकाला सुटलाय. मिस्त्रींना कळवलं नाही. त्यांचा फोन आला तेव्हा छान आहे म्हटलं.

३ ऑक्टोबर

पाय बसले. शिसवीचे पाय खरंच सुंदर आहेत, मिस्त्रींनी केले तरी. सांध्याचा प्रश्न मी स्वतः सोडवला. खालून दोन लोखंडी पट्ट्या आडव्या स्क्रूने घट्ट आवळल्या, फटीत भुसा आणि ग्लू भरून घासला, वर पॉलिश. कोणाच्या बापाला कळणार नाही. सिस्टर मात्र उलटी बाजू आधी बघायच्या.

१३ ऑक्टोबर

भाषण तयार. पाठ केलंय. शेवटी दोघींचे हात धरून टेबलावरच्या नक्षीवर ठेवायचे. यांना म्हटलं, तुम्ही त्या वेळी खोकू नका. म्हणाले, मी तर श्वासही घेणार नाही.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५

थोरली आणि जावई बाराला आले. धाकटी सव्वाबाराला, एकटी, बसने. दोघींना समोरासमोर बसवलं. कशी आहेस. बरी आहे. तू? मीही. मग दोघी छताकडे बघायला लागल्या. मला वाटलं, ओठ थरथरतायत, आता रडतील.

मी उभी राहिले. भाषणाआधी सूप वाढावं म्हणून गरम पातेलं मधोमध ठेवलं. बोट मोडल्यासारखा आवाज आला. सांध्याची रेषा उघडली, पातेलं कललं, आणि सूप फटीतून सरळ जावयांच्या मांडीवर.

जावई ओरडत उठले. मी फडकं शोधतेय तोवर धाकटी म्हणाली, ताई, डिकीतल्या जिमच्या बॅगेत भाऊजींची ट्रॅक पँट असेल बघ, मागच्या शनिवारी तीच घालून आले होते ना.

 सूप तेवढं ठिबकत होतं.

ह्यांनी मिठाचं भांडं उचललं आणि त्यावर काही लिहिलंय का ते बघायला लागले.

मी विचारलं, कुठे आले होते? थोरलीनेच सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, आई, आमचं भांडण चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी ही माझ्या घरी येऊन रडली. तेवढ्यात तुझा फोन आला, ही माझ्याबद्दल आणखी काय काय म्हणाली ते सांगायला. ही तेव्हा माझ्या शेजारी बसून चहा पीत होती.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी भेटतात. तीन वर्षं. हेही पहिल्या महिन्यापासून त्यांच्यात.

मला का नाही सांगितलंत, म्हटलं. धाकटी म्हणाली, तू खूश होऊन दोघींना फोन केले असतेस, आई. आणि फिसकन हसली. थोरलीही हसली. हे खोकले. मग दोघी सॉरी सॉरी म्हणत माझ्या गळ्यात पडल्या आणि माझ्या खांद्यावरही हसतच होत्या. मला हादरे कळत होते.

फरशी दोघींनी मिळून पुसली. जेवण स्वयंपाकघरात, उभ्यानं. धाकटी परत जाताना थोरलीच्या गाडीतून गेली. बस लागते म्हणाली.

भाषण राहिलं.

१५ ऑक्टोबर

मिस्त्री आले. टेबल उलटं केलं, पट्ट्या पाहिल्या. मग स्क्रू काढत बसले. पंधरा दिवस शेडमधे ठेवतो म्हणाले, कुलूप लावून. किल्ली कोणाकडे, असं विचारलं. म्हणाले, माझ्याकडे.

ह्यांच्याशी बोलणं बंद केलंय. अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

१८ ऑक्टोबर, सकाळी

शांतपणे विचार केला. दोघी गुण्यागोविंदाने आहेत, आईला आणखी काय हवं? कोणी घडवून आणलं, याचं श्रेय मला नको. यापुढे फक्त प्रेमाचे शब्द पोचवायचे, बाकी काही नाही.

धाकटी त्या दिवशी फरशी पुसताना म्हणाली होती की ताईच्या हाताला आता कामाची सवय राहिली नाही. काळजीनेच म्हणाली असेल. थोरलीला हे कळायला हवं म्हणून फोन लावला. एंगेज. धाकटीला लावला. एंगेज. दहा मिनिटं थांबून पुन्हा दोघींना लावला. तेच.

फोन बिघडलाय का ते विचारावं म्हणून अबोला सोडला आणि व्हरांड्यात गेले. हेही फोनवर होते. मला बघून हसायचे थांबले आणि फोनमधे म्हणाले, चला, ठेवतो गं पोरींनो.