कोरी म्हणून पाठवलेली डिस्क

चंद्रपूर
मंगळवार, १५ जुलै २०२५

चि. नंदिनी हिस,
सप्रेम जयभीम वि. वि.

पार्सल पर्लकोटा नदी ओलांडून नावेनं पलीकडे पोचलं आणि तुमच्या ग्रामसभेच्या लालसूभाऊंनी ते ताब्यात घेतलं, हे कंडक्टर सुनिलभाऊंनी काल दुकानात येऊन सांगितलं. म्हणून हे पत्र घाईनं. नव्या डिस्कवर अजून काही केलं नसशील तर करू नको. मी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय की डिस्क कोरी आहे. सगळं पुसलं जाईल असा इशारा येईल तेव्हा न घाबरता ‘हो’ कर, असंही लिहिलंय. ते चूक आहे. डिस्क कोरी नाही. तिच्यात बाबा आहेत.

झालं असं. मी डिस्क तपासून, केसिंगमध्ये घालून घरी ठेवली आणि बल्लारपूरला एका गिऱ्हाइकाकडे गेलो. आईनं विचारलं की नंदीले काय पाठवून राह्यला. तुझ्या वहिनीनं, रिनानं, सांगितलं की रिकामी डिस्क आहे, हिच्यात कितीही सामान मावतं. रिकामी म्हटल्यावर आईचं डोकं फिरलं. लेकीच्या घरी रिकामं भांडं जात नाही, हा तिचा कायदा तुला माहीत आहे. मग दोघींनी बाबांच्या मोबाइलमधले गाण्याचे सगळे व्हिडिओ डिस्कवर चढवले, वर आईनं स्वतः पार्सल बांधलं आणि मला सांगायचं नाही असं ठरवलं. तू लॅपटॉपला डिस्क लावशील आणि बाबा गायला लागतील, अशी त्यांची गंमत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसलो असतो. पण बाबा आता लेकीकडे नीट पोचले म्हणून आईनं तो मोबाइल शेजारच्या दिव्यानीला कॉलेजसाठी देऊन टाकला, आणि देण्याआधी रिनानं तो साफ केला. मी त्यातून काही निघतं का ते बघितलं. काही निघालं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले दोन-चार तुकडे सोडले तर बाबांचा आवाज आता फक्त तुझ्याजवळच्या डिस्कवर आहे. जुनी डिस्क तिच्यावर उतरवलीस की तोही जाईल, आणि मग जगातला कुठलाच मेकॅनिक तो परत आणू शकणार नाही.

तुमचा टॉवर बंद, फोन लागत नाही. सुनिलभाऊ म्हणतात, आज पाणी आणखी चढलं, नावही बंद केली. तरी हे पत्र त्यांच्याजवळ देतो आहे. दुसरी डिस्क नागपूरहून मागवली आहे. तुझा लॅपटॉप तोवर तग धरेल का, ते माहीत नाही. तू मात्र थांब.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव.

तुझा भाऊ,
धम्मदीप

•

भामरागड
मंगळवार, १५ जुलै २०२५

ती. भाऊस,
स. जयभीम.

पार्सल मिळालं. डिस्क, पेनड्राइव्ह, छोटा पेचकस आणि तुझी चिठ्ठी, सगळं कोरडं आहे. तुझं अक्षर दुकानाच्या पावत्या फाडून फाडून आणखी बिघडलंय, पण शेजारच्या सोमारीबाईंच्या नातीनं आणि मी मिळून वाचून काढलं.

लॅपटॉपची तब्येत सांगते. सुरू व्हायला भात शिजेल एवढा वेळ घेतो. आतून टकटक आवाज येतो, मध्येच पडदा निळा होतो. जुनी डिस्क काठोकाठ भरलेली आहे, तिच्यावर आता एक फोटोही मावत नाही. ग्रामसभेच्या जंगलाचा नकाशा मी पेनड्राइव्हवर घेतला आहे, पण तो उघडणारा प्रोग्रॅम ह्याच लॅपटॉपवर नोंदलेला. नवा टाकायला इंटरनेट पाहिजे, आणि ते आमच्याकडे पाऊस सांगेल तेव्हा. म्हणून तू म्हणतोस तसं विंडोज, प्रोग्रॅम, सगळं बिऱ्हाड जसंच्या तसं हलवणं हाच मार्ग. चोवीस तारखेला उपविभागीय कार्यालयात आमच्या वनहक्काच्या दाव्याची सुनावणी आहे. दोन उन्हाळे सगळं गाव माझ्यासोबत हद्दीवरून चाललं. तेंदूची झाडं, देवाची जागा, पाणवठे, सगळं त्या नकाशात आहे. लालसूभाऊ रोज येऊन लॅपटॉपला कान लावतात आणि डॉक्टरासारखे मान हलवून जातात.

उद्या ऊन पडलं तर सभागृहाच्या सोलरवर काम सुरू करीन. चिठ्ठीप्रमाणेच जाईन: आधी जुनी डिस्क निवडायची, मग नवी, इशारा आला की ‘हो’. एकदा सुरू झालं की मध्ये हात लावायचा नाही.

एक विचारायचं राहिलं. पार्सलाला गाठ आईची आहे, तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाची. पण आत चिवडा नाही, लोणच्याची बाटली नाही, जवसाची चटणीसुद्धा नाही. असं कधी झालं नाही. बाबांना जाऊन वर्ष झालं तेव्हाच्या वंदनेला मी येऊ शकले नाही, त्याचा तिला अजून राग आहे का? तू खरं सांग. सोमारीबाई सकाळपासून पार्सलाकडे बघत आहेत, आणि माझ्या माहेरचं काहीच वाटायला नाही म्हणून मला लाज वाटते आहे.

वहिनीला नमस्कार. नाव सुरू झाली की हे पत्र निघेल.

तुझी,
नंदिनी

•

चंद्रपूर
शुक्रवार, १८ जुलै २०२५

चि. नंदीले आईचा जयभीम,

मी सांगून राह्यली आन् रिना लिहून राह्यली.

तुहं पत्र आज भेटलं. तू लिवलं का बुधवारी काम सुरू करतो. बुधवार तं गेला. धम्मदीप पत्र वाचून खाली बसला. रिना कोपऱ्यात रडत बसली होती. म्या तिले म्हटलं, तू काऊन रडतं, करनी तं माही हाय.

मले काय मालूम बाई, का नवं भांडं भरलं का पहिलचं सांडते म्हणून. आमच्या टायमाले भांड्यात जे हाय ते पहिले कहाडत, मंग दुसरं टाकत. हे कसलं यंत्र, विचारते बी आन् पुसते बी.

मले राग आला असंल असं वाटून घेतलं तुनं, का मी चिवडा नाई पाठवला. अवं, तुहा बाप पाठवला होता त्याच्यात. त्याच्याहून जास्त म्या काय पाठवू?

एक सांगतो. त्याच्यात शेवटचा एक हाय. आंगणात खाटेवर बसून तो गाऊन राह्यला, खंजिरी मांडीवर, आन् मधातच गाण्याची वळ विसरला. म्या चुलीपासून ती वळ पुरी केली. तो हसला, आन् मंग पुढं गायला. बाकी गेले तं गेले, गावात कोणाच्या न कोणाच्या ध्यानात असतीन. तो एकच मले पाह्याचा होता.

धम्मदीप म्हणते, आशा ठेवू नोको. मी ठेवतो. तुनं लहानपणी कोणाच्याच घरचा डबा उघडल्याबिगर घासाले टाकला नाई. तेवढंच माह्या हाती हाय.

पाण्यात उतरू नोको. जेवत जाय.

तुही आई,
बायनाबाई

•

भामरागड
रविवार, २० जुलै २०२५

ती. आईस सा. जयभीम, भाऊ व वहिनीस स. जयभीम,

लॅपटॉप नव्या डिस्कवर सुरू झाला. लालसूभाऊंनी काल दुपारी स्वतः नकाशा उघडून हद्दीच्या खुणा एकेक करून पाहिल्या आणि सगळ्या जागेवर आहेत असं सांगितलं. भाऊचं ‘थांब’ म्हणणारं पत्र आणि आईचं पत्र, दोन्ही आज सकाळी एकाच नावेनं आली. म्हणजे काम होऊन गेल्यावर. आता पुढचं वाचायच्या आधी सगळे जण बसा.

बुधवारी ऊन पडलं. मी सोलरला लॅपटॉप लावला, पेनड्राइव्हवरून प्रोग्रॅम सुरू केला, जुनी डिस्क निवडली, नवी निवडली. इशारा आला. चिठ्ठी शेजारीच होती, तिच्यात ‘हो’ लिहिलेलं होतं. बोट ठेवलं, आणि मला ती लुगड्याच्या काठाची गाठ दिसली. गाठ आईची आहे, म्हणजे पार्सल आईनं बांधलं. आणि आईनं बांधलेलं रिकामं असूच शकत नाही. भाऊचं ज्ञान मोठं खरं, पण आईला मी त्याच्याइतकीच ओळखते. मी ‘नाही’ केलं, प्रोग्रॅम बंद केला आणि नवी डिस्क उघडून पाहिली. पहिल्याच व्हिडिओत बाबा खंजिरी ओली झाली म्हणून वहिनीवर चिडत होते.

मी तिथंच जमिनीवर बसून राहिले. मग लॅपटॉप टकटक करायला लागला आणि कळलं की बसून चालणार नाही. जुन्या डिस्कवर जागा नाही, पेनड्राइव्हवर जागा नाही, बाबांना ठेवायचं कुठं? थांबावं तर जुनी डिस्क आज जाईल की उद्या, सांगता येत नव्हतं, आणि ती गेली तर गावाची सुनावणी गेली. सोमारीबाईंनी माडिया भाषेत विचारलं की माहेरचं आलं का शेवटी. मी सांगितलं, आलं, पण खूप आहे, ठेवायला भांडं नाही. त्या म्हणाल्या, मग वाट. एका घरात मावत नाही तेव्हा माणूस वाटतोच.

गुरुवारपर्यंत मी तेच केलं. लालसूभाऊंनी घरोघर निरोप दिला की नंदिनीबाईच्या माहेरचं आलं आहे, मोबाइल घेऊन या. ज्याच्या मोबाइलमध्ये जेवढी जागा, तेवढे बाबा. लोकांनी आपले सिनेमे काढून टाकले, कुणी नाचाचे व्हिडिओ काढले. एका पोराला बाबांऐवजी कोंबड्यांच्या झुंजीचा व्हिडिओ ठेवायचा होता, तर त्याच्या आजीनं त्याच्या हातातून मोबाइलच घेतला. लॅपटॉप दोनदा बंद पडला. दोन्ही वेळा मला वाटलं, संपलं. दोन्ही वेळा तो उठला. कुणाकडे कोणतं गाणं गेलं ते सोमारीबाईंनी ऐकून ध्यानात ठेवलं, कारण मला तेवढं भान नव्हतं.

शुक्रवारी डिस्क पूर्ण रिकामी करून मग काम सुरू केलं. मध्येच जुन्या डिस्कचा एक भाग वाचता येत नाही असं आलं. भाऊ, तुझ्या चिठ्ठीत त्यावर एक ओळ होती, खराब भाग सोडून पुढं जा, ती खरी निघाली. त्या एका ओळीसाठी बाकीची चिठ्ठी माफ. ढग आले की सोलर मंदावायचं आणि सगळे वर आभाळाकडे बघायचे. संपल्यावर लॅपटॉप उलटा करून पेचकसानं जुनी डिस्क काढली, नवी बसवली. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. लालसूभाऊंनी कान लावला, टकटक ऐकू आली नाही, तर ते घाबरून म्हणाले की गेला वाटते. नव्या डिस्कला आवाज नसतो, असं सांगत मी लॅपटॉप पुन्हा उलटा केला. सॉकेटात ती नीट बसली नव्हती. पुन्हा दाबून बसवली, आणि सुरू झाला.

काल सगळे मोबाइल परत बोलावून बाबांना नव्या डिस्कवर आणलं. आता ते विंडोजच्या शेजारीच राहतात, भरपूर जागा आहे. लोकांनी आपल्या मोबाइलमधले काढू दिले नाहीत. वाटलेलं परत मागत नाहीत, एवढंच उत्तर मिळालं.

आई, आता तुझा तो शेवटचा. सोमारीबाईंनी बरोबर सांगितलं की चुलीपासून बाईचा आवाज येणारं गाणं मंगलीकडे गेलं. मंगली म्हणजे पलीकडच्या घरची सून, तिचे दिवस भरत आले होते. शुक्रवारी कळा सुरू झाल्या आणि नाव चालू होताच तिला हेमलकसाच्या दवाखान्यात नेलं. मोबाइल तिच्याजवळ आहे. ती गाणं काढून टाकणार नाही असं तिची सासू ठामपणे सांगते, पण माझा जीव अजून टांगलेलाच आहे. आज नावाड्यानं निरोप आणला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मोबाइलबद्दल त्याला काही माहीत नाही.

मंगळवारी मंगलीला घरी सोडणार आहेत. बुधवारी मी आणि लालसूभाऊ लॅपटॉप घेऊन सुनावणीसाठी निघू, गुरुवारचं काम झालं की मी सुनिलभाऊंच्या गाडीनं चंद्रपूरला येते. भाऊ, नागपूरहून मागवलेली ती दुसरी डिस्क परत करू नको. आई, तू चुलीजवळच बस. गाठ तुझीच बांधून आणीन, आणि डबा रिकामा आणणार नाही.

माझ्यावर होता तेवढा जीव असू द्या, थोडा मंगलीच्या लेकीसाठीही काढून ठेवा.

तुमची,
नंदिनी