बाबांचं बोलणं, शंकरचं नाव

शनिवार, १४ जून. लालबाग.

गिरणी संपावरचं ते इंग्रजी पुस्तक मोबाइलवर मिळालं. विद्यापीठाने सगळ्या जगासाठी फुकट ठेवलंय. लिहिणाऱ्या बाई आमच्या खोलीत बसून बाबांचं बोलणं रेकॉर्ड करून गेल्या होत्या.

"फुकट देतत म्हणजे खपला नसतला," बाबा म्हणाले. मग हळूच, "माझा नाव आसा?"

बारावी नापास मी, डिक्शनरी घेऊन वाचलं. शब्द न् शब्द बाबांचा. संपात आजीने विकलेली भांडीसुद्धा आहेत. नाव तेवढं बदललंय. कुणाला त्रास होऊ नये म्हणून सगळ्यांचीच बदलली, असं सुरुवातीला लिहिलंय. पण बाबांना दिलेलं नाव शंकर. शंकर! समोरच्या खोलीतला शंकर संप फोडून कामावर गेला, तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोललेले नाहीत. बाईंना हे कुठून माहीत असणार? आणि मी बाबांना ते नाव सांगून टाकलं. मला खोटं बोलायला काय झालं होतं?

"संप मी केलंय, आणि तोंड शंकऱ्याचा?" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळून पडले. जेवायलाही उठले नाहीत.

शंकरची नात इंग्रजी शाळेत शिकते. पुस्तक फुकट आहे. तिने मोबाइलवर उतरवून आजोबांना त्यांच्या नावाखालचं बाबांचं बोलणं वाचून दाखवलं तर?