सातपैकी पाच

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. ('तीर्थरूप' पूर्ण लिहिलं की आपण भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसल्यासारखं वाटतं, असं तू मागे म्हणालीस, म्हणून नुसतं 'ती.' लिहिलं आहे. आदर तेवढाच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले व्यायाम करतेस, की त्यांना नुसतं हो म्हणतेस? भावोजींचा खोकला गेला का? आमच्याकडे यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी येत्या गुरुवारी निघेल. उजव्याची पाळी पुढच्या महिन्यात, आणि तोवर त्या डोळ्याला सगळं जग धुक्यात दिसतं. माणूस दिसतो, पण कोण ते कळत नाही. काल दूधवाल्याला ते वकीलसाहेब म्हणाले. दूधवाला फारच खूश होऊन गेला.

आता खरी गोष्ट. इथे कुणाला सांगता येत नाही आणि माझ्या पोटात राहत नाही. शनिवारी घोड्यांच्या सात शर्यती झाल्या. त्यातल्या पाचांचे विजेते मी निवडले होते. मी, ताई. यांनी नव्हे.

तुला माहीतच आहे, गेली एकतीस वर्षं 'टेहळ्या' या नावाने हे वर्तमानपत्रात शर्यतीच्या दिवसाचे संभाव्य विजेते देतात. आम्ही स्वतः कधी छदाम लावला नाही (लावला असता तर मी हे पत्र कुठल्या तरी धर्मशाळेतून लिहिलं असतं), पण पेपरातल्या त्या चौकटीत यांचा जीव आहे. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग यांच्या वह्यांचा. कुठल्या घोड्याने किती वजन पाठीवर घेऊन किती अंतर किती सेकंदांत कापलं, हे चार रंगांच्या पेन्सिलींनी मांडलेलं असतं. फक्त घोड्याकडे म्हणून हे कधी बघत नाहीत. प्रत्यक्ष घोडा पाहिला की हिशेब बिघडतो म्हणतात. उद्या एखादा घोडा जिना चढून आमच्या दारात आला, तर हे वहीतून मान वर न काढता त्याला विचारतील, "वजन किती?"

आणि मी? आमच्या गॅलरीखालूनच तबेल्याकडून सरावाच्या मैदानाकडे जाणारा रस्ता आहे. एकतीस वर्षं रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी तिथे खुर्ची टाकून बसते आणि खालून घोडे जातात. घोडे धरून नेणारे मोतद्दार मान वर करून हात हलवतात, काल कुणी खाणं टाकलं, कोण रात्रभर लाथा झाडत होता, हेही ओरडून सांगतात. घोड्यांची छापील नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली आहेत. एक आहे 'हेडमास्तर', तो मान इतकी ताठ ठेवतो की वाटतं आता कुणाला तरी बाकावर उभं करणार. एक घोडी आहे 'सासूबाई', ती चालताना सारखी मागे वळून बघते की मागचे नीट येताहेत ना. आणि एक लाल, लांब मानेची आहे, तिला मी मनातल्या मनात तुझं नाव दिलं आहे. रागावू नकोस. कारण पुढे येईल.

शाळेतल्या खेळांच्या दिवशी आपण नन्सच्या बागेच्या भिंतीवर बसायचो, आठवतं? शिट्टीवाल्या सिस्टर म्हणायच्या, धावणारीचे पाय बघू नका, थांबलेलीचा चेहरा बघा. मी ते ब्रह्मवाक्य मानलं. रेषेवर सगळ्या मुली दात-ओठ खात उभ्या असायच्या आणि तू जिभेचं टोक बाहेर काढून आभाळात बघत असायचीस, जणू तुला दुसरीकडेच जायचं आहे. तू धावलीस ती चारही वर्षं मी तुलाच निवडलं. तीनदा तू पहिली आलीस. चौथ्यांदा अर्ध्या वाटेत थांबून कुणा पडलेल्या मुलीच्या बुटाची नाडी बांधत बसलीस आणि शेवटून पहिली आलीस. मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते. माझ्या निवडीचं तुला काहीच नाही, म्हणून. (ती लाल घोडीही अशीच वाटेत मागच्यासाठी थांबते.)

तर झालं असं, की सलग सहा आठवडे यांचा एकही घोडा पहिला आला नाही. (धुकट डोळ्यांनी तीनाचे आठ वाचले जात होते. पण हे सांगणार कोण?) बुधवारी हे झोपले असताना उपसंपादकांचा फोन आला. भला माणूस, पण गळ्याशी आल्यासारखा बोलत होता. "काकू, या शनिवारी एक तरी यायला हवा हो. नाहीतर साहेब म्हणतात, निवड कॉम्प्युटरकडून करून घेऊ." मी यांना काही बोलले नाही. सांगितलं असतं तर यांनी स्वतःच राजीनामा लिहायला घेतला असता, आणि तोही माझ्याकडूनच लिहून घेतला असता.

शुक्रवारी सकाळी हे आरामखुर्चीत पट्टी बांधून बसले आणि मी यादी वाचू लागले. यांची पद्धत अशी, की एकेका शर्यतीत पाच घोड्यांची नावं घ्यायची, चारांची सालं काढायची, मग त्या चारांतलाच एक निवडायचा. तिसऱ्या शर्यतीला सासूबाईंचं नाव आलं तर म्हणाले, "ती? तिला बग्गीला जुंपा." आणि ज्याला निवडलं, त्याने तीन दिवस दाण्याला तोंड लावलं नव्हतं! मी मुकाट्याने सातही आकडे लिहून घेतले, बाहेर फोनपाशी गेले, आणि ताई, माझ्या तोंडून दुसरेच सात आकडे बाहेर पडले. नन्सच्या शाळेत दहा वर्षं काढलेली बाई मी. आवाज मात्र खणखणीत होता. शनिवारी सकाळी पेपरही मीच वाचून दाखवला, आणि छापलेले माझे आकडे बघत यांचे आकडे वाचले.

दुपारी रेडिओवर निकाल. हेडमास्तर पहिला. सासूबाई पहिल्या, मागे बघत बघत! सात शर्यतींत पाच पहिले, एक दुसरा. सातवी तुझी लाल घोडी, ती सर्वांत शेवटी आली. तिला मी चेहऱ्यावरून घेतली नव्हती, मायेने घेतली होती. आणि यांचा? एकही नाही. हे भिंतीकडे तोंड करून बसले. मला इकडे नाचावंसं वाटत होतं आणि तिकडे रडावंसं.

तेवढ्यात दार वाजलं. न्हावी आला, इस्त्रीवाला आला, निवृत्त जज्जसाहेब काठी टेकत दोन जिने चढून आले. "टेहळ्या, सातपैकी पाच! एका डोळ्याने!" हे माझ्या बाजूला वाकले. मग हळूच मला म्हणाले, "काय गं, तिसऱ्या शर्यतीला मी तिचं नाव घेतलं होतं ना?" म्हटलं, घेतलं होतं. (घेतलंच होतं. बग्गीसकट.) मग जे खुर्चीत ताठ झाले! हुबेहूब हेडमास्तर. तासभर वजन, अंतर आणि वेळ समजावत होते आणि जज्जसाहेब टिपून घेत होते. मी सगळ्यांना चहा दिला. इतका अभिमान मला लग्नात वाटला नव्हता. उपसंपादकांचाही फोन आला. चौकट आता रंगीत छापणार म्हणाले.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. गुरुवारी पट्टी निघाली की हे स्वतः यादी वाचतील आणि फोनही स्वतः करतील. म्हणून शुक्रवारी सकाळी नऊला इथे ये आणि अकरापर्यंत यांच्याशी भांड. विषय कुठलाही चालेल. तुमचं दोन तास सहज चालतं. तेवढ्यात मी फोन उरकते. गुडघ्याची सबब सांगू नकोस, भांडायला गुडघा लागत नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र वाचून फाडून टाक.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात हे चाचपडत आले आणि म्हणाले, उद्या सकाळी मला लवकर उठव, गॅलरीत तुझ्या खुर्चीशेजारी माझी टाक. म्हटलं, कशाला? म्हणाले, "पट्टी डोळ्यावर होती, कानांवर नव्हती. फोनवर तू इतकी ओरडून बोलतेस की खालच्या मजल्यावरही सात आकडे पाठ झाले असतील." मी पाकीट पदराखाली लपवलं. मग म्हणाले, "सहा कळले मला. पण शेवटच्या शर्यतीला ती लाल का घेतलीस?" म्हटलं, ओळखीची वाटली. तर म्हणाले, "मग पुढच्या वेळीही घे."

तेव्हा भांडायला येऊ नकोस. नुसती ये. गॅलरीत तिसरी खुर्ची मावते, मी मोजून पाहिलं आहे.